आतली रेघ

९ जानेवारी

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो आणि चौथ्या मिनिटाला कोणीतरी फोन आपटतं. बहुतेक वेळा तू. शिवाय मला जे हवंय ते फोनवरून येण्यासारखं नाही.

मला वल्ह्याचं पातं ठरवायचंय. सत्तावीस फेब्रुवारीला स्पर्धा आहे. फळीवर उभं राहून लाट धरायची, वळणं घ्यायची, तेच सगळं जे तू करायचीस. कोचनी माझ्यापुढे तीन वल्ही टाकली आणि म्हणाले, निवड. पहिल्याचं पातं थेंबासारखं, वर निमुळतं आणि खाली ऐसपैस. पाण्यात घातलं की लगेच पकडतं, दोन हात मारले की मी लाटेवर. पण तिसऱ्या दिवशी खांदा ठणकायला लागतो. दुसरं लांबट, दोन्ही कडा जवळजवळ सरळ. त्याने हात भराभर चालतो, खांदाही गप्प बसतो, पण लाट आली की नुसतं ढवळत राहायचं. वळताना पात्यावर भार टाकला तर ते खालून सटकतं. काल तशीच तोंडावर आपटले. तिसरं या दोघांच्या मधलं, पण ते कोचच्या बायकोचं आहे आणि तिने मला ते फक्त दाखवलं.

तुझ्या वल्ह्याचा फर्मा बाबांच्या भेंडोळ्यात असेल ना? तो पाठव. फोटो नको, फोटोत माप जातं. खाकी कागदच हवा. इथे किनाऱ्यावर होडीवाले काका आहेत, ते त्यावरून पातं कापतील. आणि तूच करून पाठवलंस तर सोन्याहून पिवळं.

रविवारी मी नवशिक्यांना शिकवते. पातं दांड्यापाशी थोडं पुढे झुकलेलं असतं, ते झुकलेलं अंग पुढे ठेवायचं, हे शंभरदा सांगूनही झाडून सगळे उलटं धरतात. डावाने आमटी वाढायला निघाल्यासारखे. मला हसू आवरत नाही.

हो, कोच म्हणाले, "तुझ्या बहिणीला शिकवलं तेव्हा वाटलं होतं, हिच्यापुढे कोणी जाणार नाही. तू जाशील." तुला आवडेल म्हणून सांगितलं.

बाबांना सांग, माझं दोन खाचांचं स्टूल कोणाला द्यायचं नाही. तुला आठवतं, सगळ्यावर खुणा असायच्या? तुझ्या स्टुलाला एक खाच, माझ्या स्टुलाला दोन. वह्यांच्या कव्हरांच्या कोपऱ्यातसुद्धा टाचणीने एक भोक नाहीतर दोन. लहानपणी मला वाटायचं, दोन म्हणजे मी जास्त लाडकी. मग कळलं, एक म्हणजे पहिला नंबर.

तुझी,
भिंगरी


१७ जानेवारी

भिंगरीस,

मी फोन आपटत नाही, ठेवते. माझा ठेवण्याचा आवाज मोठा आहे.

कोच तसं म्हणाले हे वाचून बरं वाटलं. हेच वाक्य ते मलाही म्हणाले होते, माझ्या आधीच्या मुलीबद्दल. जपून ठेव, पुढच्या मुलीच्या वेळी त्यांना लागेल.

पात्याचं म्हणशील तर त्यात एवढं विचारण्यासारखं काही नाही. लाटेवर जायचं तर थेंबासारखंच हवं. लांबट पातं लांबच्या पल्ल्याला, सपाट पाण्याला. तुला भराभर हात मारून लांब जायचं नाहीये, जागच्या जागी जोर हवाय. खांदा ठणकतो म्हणून लहान पातं घेणारी माणसं मी पाहिली आहेत. ती काठावर बसून दुसऱ्यांच्या लाटा मोजतात.

करून पाठवायला मला वेळ नाही. चार होड्यांची वल्ही बाकी आहेत. फर्मा शोधते. भेंडोळं फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहे आणि माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, नऊ वर्षं झाली, तुला माहीत आहेच. शेजाऱ्यांना हाक मारावी लागेल.

बाबा बरे आहेत. हात थरथरतात, म्हणून रंधा मी चालवते आणि तोंड ते चालवतात. तुझं पत्र त्यांनी माझ्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. संध्याकाळपर्यंत खिसा चाचपत होते. मी इथे रोज असते, माझं काही कोणी खिशात ठेवत नाही.

स्टूल जागेवर आहे.

ताई


२६ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून तोंडात मारल्यासारखं झालं, पण लागलीच वाटलं, तू बरोबरच बोलतेयस. तू जिंकली आहेस, मी नाही. लांबट वल्हं परत केलं.

काल थेंबवालं घेऊन दोन तास पाण्यात होते. रात्री केस विंचरायला हात वर जाईना, तेव्हा तुझी आठवण आली. तुझंही असंच सुरू झालं होतं का? तू कधी बोलली नाहीस. मला एवढंच आठवतं, तू कप घेऊन आलीस तेव्हा सगळे दारात उभे होते आणि कप तू डाव्या हातात धरला होतास. मी आठवीत होते. मला वाटलं, जिंकणारी माणसं तशीच धरतात. मी महिनाभर सगळं डाव्या हाताने करत होते.

तू म्हणतेस माझं पत्र बाबा खिशात ठेवतात. अगं, मी लांब आहे म्हणून पत्र ठेवतात. तुला ते शेजारी ठेवतात. मला एकदा तरी कारखान्यात उभं राहू दिलं का? धूळ नाकात जाते म्हणून कायम दाराबाहेर. तू आत, हातात कानस, आणि बाबा तुझ्या मनगटाला धरून शिकवतायत. मी जाळीतून बघायचे.

असो. फर्मा लवकर पाठव. काकांनी लाकूड काढून ठेवलंय. आता सगळं तुझ्या कागदावर आहे.

तुझी,
भिंगरी


३ फेब्रुवारी

भिंगरीस,

सोबत फर्मा आहे. निळ्या पेन्सिलीची रेघ म्हणजे माझं पातं. याच्यावर मी जिंकले. काकांना सांग, रेघेच्या बाहेरून कापा, कमी करू नका.

कागदावर आतल्या अंगाला खोडरबराचा मळ दिसेल. जुनी आकडेमोड होती, काढून टाकली.

खांद्याला शेक दे. सुरुवातीला सगळ्यांचाच दुखतो.

ताई


१३ फेब्रुवारी

भिंगरी,

तीन वेळा फोन केला, तू पाण्यात होतीस. चौथ्यांदा कोचनी उचलला आणि मी ठेवून दिला. त्यांच्याशी काय बोलणार. म्हणून लिहितेय, आणि देव करो आणि काकांनी पातं कापायच्या आधी हे पत्र पोचो.

कागदावर आकडेमोड नव्हती. निळ्या रेघेच्या आत दुसरी एक रेघ होती, साध्या पेन्सिलीची, फिकट. तोच आकार, पण दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं बारीक. ती मी खोडली.

का खोडली ते सांगते, म्हणजे पुन्हा सांगायला नको. गेल्या वर्षी तू लाटांवर जायला लागलीस, तसा फोन आला, त्या दुपारी मी आत आले तर बाबा ते भेंडोळं मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून गुंडाळलं. आता कागद उलगडला आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. तुझ्यासाठी त्यांनी लहान पातं काढून ठेवलं होतं. तुझा खांदा जाऊ नये म्हणून. माझ्या वेळी एवढं मोठं काढून दिलं, आणि माझा खांदा गेला तेव्हा नुसतं बघत राहिले. तुझ्यासाठी मात्र आधीच विचार. त्यात तुझं ते कोचचं वाक्य सारखं आठवत होतं. मला तुझा राग आला, हेवा वाटला, जे काय म्हणतात ते सगळं झालं. खोडरबर घेतलं आणि घासत बसले. बाबा शेजारच्या खोलीत झोपले होते.

पाकीट टाकल्यावर पहिला आठवडा काही वाटलं नाही. परवा तुझं केस विंचरण्याचं वाक्य आठवलं. माझंही असंच सुरू झालं होतं. केसांपासूनच.

मोठं पातं वापरू नकोस. दोन बोटं आत घे. मी नीट काढून दुसरा कागद पाठवते. नाहीतर ते लांबट घे, कोचच्या बायकोचं चोरून घे, काहीही घे.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

आज प्रिय वगैरे काही नाही.

तुझ्या निळ्या रेघेवरून काकांनी चार दिवसांत वल्हं केलं. देखणं झालंय. मी दोन दिवस पाण्यात नेलं. दुसऱ्या दिवशी लाट पकडताना खांद्यात असं काही झालं की वल्हं हातातून सुटलं आणि मी फळीवर गुडघे टेकून रडले. कोचनी ओढत आणली. डॉक्टर म्हणाल्या, फाटलेलं नाही, पण याच वल्ह्याने आणखी आठवडाभर खेळलीस तर फाटेल.

आज काका कागद घेऊन आले. दुसऱ्या फळीवर उतरवायचा म्हणून त्यांनी तो खिडकीच्या काचेवर लावला होता. मला म्हणाले, हे बघ काय आहे. आपले बाबा रेघेवरून टाचणी टोचत जाऊन फर्मा लाकडावर उतरवायचे, आठवतंय ना? निळ्या रेघेवर भोकांची एक रांग होती. आणि आत, जिथे तू घासलं होतंस, तिथे दुसरी रांग. बारीक बारीक उजेडाची टिंबं. रेघ खोडता येते, भोकं कशी खोडणार?

आणि कोपऱ्यात, त्या आतल्या रांगेच्या शेपटाला, एकटंच एक भोक. एक म्हणजे तू. दोन असती तर मी. तुझ्यासाठी बाबांनी लहान, चांगलं, खांदा न मोडणारं पातं काढलं होतं, आणि ते मला मिळू नये म्हणून तू खोडलंस. आपलं ते आपल्यापाशी. मला मोठं दिलंस, ज्याने तुझा खांदा गेला ते.

मी एवढी वर्षं तुझी कॉपी करत आले आणि तू मला नेमकं हेच दिलंस.

भिंगरी


२१ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र हातात आहे. माझं तेरा तारखेचं तुला आता मिळालं असेल, त्यात मी काय समजले होते ते लिहिलंय. त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवशील की नाही माहीत नाही, पण ते एक भोक मी पाहिलं नव्हतं. कागद टेबलावर होता, मी रागात होते. कोपऱ्याकडे बघितलंच नाही. आपल्या घरात कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी खाच बघायची ही लहानपणापासूनची सवय, आणि नेमकी तेव्हाच विसरले.

बाबांसमोर तुझं पत्र ठेवलं. वाचून झाल्यावर विचारलं, हे माझं होतं? त्यांनी पत्राची घडी घातली. मग सांगितलं. माझ्या त्या स्पर्धेच्या दोन आठवडे आधी त्यांनी मला चहाचं पातेलं डाव्या हाताने उचलताना पाहिलं. मला न सांगता आतली रेघ काढली, टोचली, फळीवर उतरवली, अर्धं पातं कापूनही झालं. मी कारखान्यात आले आणि बघितलं. मी काय म्हणाले ते मला आठवत नव्हतं, त्यांनी तसंच्या तसं सांगितलं. "हे कोणासाठी, भिंगरीसाठी? मला नको. मला मोठंच हवं, नाहीतर मी उतरत नाही." मग मी जिंकले. जिंकलेल्या माणसाला काय सांगणार, असं ते म्हणाले.

गेल्या वर्षी तुझा फोन आला त्या दुपारी ते तुझ्यासाठी काही काढत नव्हते. मला तेव्हा थांबवलं नाही, तेच बघत बसले होते.

मी विचारलं, मग त्या अर्ध्या पात्याचं काय केलंत? ते उठले, माझ्या खोलीत गेले आणि पलंगाशेजारच्या लहान फळीवर बोट ठेवलं. तीच. कडा सरळ करून भिंतीला ठोकलेली. नऊ वर्षं मी तिच्यावर खांद्याचं मलम ठेवतेय. मी मलम उचललं, फळी काढून उलटी केली. खाली टिंबांची रांग आहे.

भिंगरी, मी तुझं काहीच खोडलं नाही, मी माझंच खोडलं, आणि त्याची शिक्षा तुझ्या खांद्याला दिली. मी चुकले. याच्यापेक्षा मोठं वाक्य मला लिहिता येत नाही.

स्पर्धेत उतरायचं की नाही ते डॉक्टरांना विचार. मला विचारू नकोस.

ताई


३ मार्च

प्रिय ताई,

आधी तुझं तेरा तारखेचं पत्र आलं. ते वाचून एवढी चिडले की त्याच्यावर चहाचा कप ठेवला, गोल डाग पडलाय. मग एकवीसचं आलं आणि डाग पुसता येतो का बघत बसले.

तू माझ्यावर जळत होतीस हे वाचून, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी आयुष्यभर तुझ्यावर जळत आले. मला वाटायचं, हे दुखणं आपल्या घरात मला एकटीलाच आहे.

आता बातमी. काकांनी मोठं पातं शिकंज्यात धरलं, कागद लावला आणि टिंबांपर्यंत रंध्याने खाली आणलं. इकडून दोन बोटं, तिकडून दोन बोटं. आकार थेंबासारखाच, पण अंगाने बारीक. दहा दिवस विश्रांती घेतली, डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि फारसा सराव न करता उतरले. ताई, काय पातं आहे. लाट पकडायला पुरतं, वळताना भार टाकला तर टिकतं, आणि खांदा चकार शब्द बोलत नाही. मी तिसरी आले. कोच म्हणाले, बहिणीसारखीच पकड आहे. पहिली आले असते तर तुला इतकं गोड पत्र लिहिलं नसतं.

आता ऐक. हे पातं माझं नाही. मला ते थोडं आखूड पडतं, माझे हात तुझ्यापेक्षा लांब आहेत. बाबांनी तुझ्या हातांना मापून काढलंय, हे पाण्यात कळतं. दांडा तुझ्या उंचीला कापून घेतला आणि मुठीखाली एक खाच पाडली. पार्सलने पाठवलंय. तुझा हात खांद्याच्या वर जात नाही, माहीत आहे. जेवढा जातो तेवढा ने.

आणि मला माझं हवंय. बाबांचा हात थरथरतो, म्हणून तू काढ. मला काय दुखतं, किती लांब हात जातो, सगळं मागच्या पानावर लिहिलंय. भोकं दोन पाड.

तुझी,
भिंगरी


१९ मार्च

प्रिय भिंगरी,

तू तिसरी आलीस हे वाचून माझ्या पोटात दुखलंच. पण तिसरी म्हणून कमी दुखलं. पुढच्या वेळी किती दुखेल ते कळव.

पार्सल बाबांनी उघडलं. मला हात लावू दिला नाही. आधी मुठीखाली अंगठा फिरवला, खाच सापडली, मग माझ्या हातात दिलं. दोन दिवस ते वल्हं दारामागे उभं होतं आणि मी त्याच्या बाजूने ये-जा करत होते, घरात पाहुणा आल्यासारखी.

रविवारी सकाळी धक्क्याच्या आतल्या बाजूला गेलो, जिथे पाणी सपाट असतं. शेजाऱ्यांनी माझी जुनी फळी माळ्यावरून काढून दिली. बाबा पायरीवर बसले. मी चढले, उभी राहिले. उजव्या बाजूने वल्हवलं तर वरचा हात डावा असतो, ते मला जमतं. डाव्या बाजूला उजवा हात वर न्यावा लागतो, ते जमत नाही. म्हणून उजव्या बाजूनेच मारत राहिले, आणि एकाच बाजूने मारलं की फळी गोल फिरते. मी दूर जायचा प्रयत्न करत होते आणि फिरून फिरून बाबांच्या समोर येत होते. दोनदा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा ते म्हणाले, "उलटं धरलंयस."

नऊ वर्षांनी पहिल्यांदा वल्हं धरलं आणि तुझ्या रविवारच्या लोकांसारखं धरलं. मी हसायला लागले तर पाण्यात पडले. खांदा दुखला नाही. थोडा दुखला.

सोबत कागद आहे. तुझ्या मापाचं पातं. खाली थोडं रुंद, माझ्यापेक्षा एक बोट लांब, कारण तुझे हात लांब आहेत, हे मी पहिल्यांदाच मापून बघितलं, तुझ्या जुन्या शर्टावरून. एकच रेघ आहे, खोडलेलं काही नाही. कापायला दे, पण पुढच्या वेळी येशील तेव्हा ते लाकूड इथे आण. शेवटची घासणी कारखान्यात आत उभं राहून तू करायचीस. धुळीचं मी बघते.

कोपऱ्यातली भोकं मी पाडणार होते, पण बाबांनी टाचणी मागून घेतली. उजेडात धरशील तेव्हा तीन दिसतील. त्यांचा हात हलला. तू दोनच मोज.

तुझी,
ताई